एशनियाजची बर्फचिठ्ठी

ओकसोय गावात बर्फाबद्दल दोनच मतं होती. एक सगळ्या गावाचं, आणि दुसरं एशनियाजचं.

गावाचं म्हणणं सरळ होतं. डोंगरउतारावरचा गहू कोरडवाहू. त्याला ना पाट, ना विहीर. हिवाळ्यात बर्फाची जाड गोधडी पडली तर खाली रोपं ऊब धरून राहतात, आणि वसंतात तीच गोधडी वितळून त्यांना पाणी पाजते. बर्फ कमी पडला की त्या वर्षी नान पातळ होते, मुलींची लग्नं पुढे ढकलली जातात आणि माणसं मशिदीतून एकमेकांकडे न बघता बाहेर पडतात. म्हणून पहिला बर्फ पडला की ओकसोयमधल्या म्हाताऱ्यासुद्धा अंगणात येऊन आभाळाकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मेंढपाळ तेवढे कुरकुरायचे. पण मेंढपाळांचं काय सांगावं, त्यांना ऊनही आवडत नाही.

एशनियाज मात्र बर्फाला मनापासून शिव्या द्यायचा. तीस हिवाळे त्याने गावावरच्या घाटात सरकारी बुलडोझर चालवला होता. गाव आभाळाकडे बघून खूश होत असे तेव्हा हा कानटोपी ओढून घाटाच्या वाटेला लागलेला असे. आज ढकललेला बर्फ उद्या पुन्हा त्याच वळणावर मांडी घालून बसलेला. एका हिवाळ्यात त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीने गेली. "जन्नतमध्ये बर्फ पडत नाही असं मुल्ला लिहून देत असतील तरच मी मरतो," असं तो म्हणायचा, आणि लोक हसायचे, कारण एशनियाज विनोद करतोय असं त्यांना वाटायचं.

त्या गावात पहिल्या बर्फाला चिठ्ठ्या निघतात. मजकूर पिढ्यान् पिढ्या एकच: 'बर्फ आमचा, जेवण तुमचं.' ही चिठ्ठी कशात तरी लपवून शेजाऱ्याच्या हातात ठेवायची आणि त्याला पत्ता लागायच्या आत फाटकाबाहेर सटकायचं. सुटलात तर जेवण त्याच्या घरी. पण फाटकाच्या आत सापडलात, तर कढईच्या बुडाची काजळी तोंडाला फासून घ्यायची, तसंच काळं तोंड घेऊन गावातून घरी जायचं आणि त्या सगळ्या गोतावळ्याला आपल्या घरी जेवू घालायचं. यात भल्याभल्यांची फजिती झाली आहे. एका वर्षी तर खुद्द इमामसाहेब कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपलेले सापडले होते.

एशनियाज या खेळात कधी नव्हताच. पहिला बर्फ पडेल त्या दिवशी तो घाटात. चार-पाच दिवसांनी खाली उतरायचा तेव्हा बायको, झेबिनिसो, त्याच्यापुढे शिळा पुलाव गरम करून ठेवायची. "परवा आपल्याकडे जेवण झालं," ती सांगायची. "सगळे आले होते."

"पुन्हा आपल्याचकडे? या गावाला दुसरं घर सापडत नाही का?" हा करवादायचा.

ती हसायची आणि त्याचे ओले मोजे चुलीपाशी वाळत घालायची. बायको भोळी आहे, जो येईल त्याच्या हातून चिठ्ठी घेते, अशी त्याची पक्की समजूत होती.

मग तो निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी उन्हाळा संपता संपता झेबिनिसो गेली. त्या हिवाळ्यात घरात सुतक होतं. सुतकाच्या घरी चिठ्ठी नेत नाहीत. मुलगा रशियात, उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरात इमारतींच्या छपरांवरचा बर्फ खरवडायच्या कामावर. बापाने रस्त्यावरचा ढकलला, मुलगा छपरावरचा ढकलतो. त्या घराण्याचं आणि बर्फाचं काही जुनं वैर असावं. मुलगा फोन करायचा, "जेवलात का?" विचारायचा. एशनियाज हो म्हणायचा. पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे.

वर्ष उलटलं, सुतक सरलं. समाचाराला आलेले लोक गेले त्यानंतर त्या घरात कुणी पायातलं काढून आत येऊन बसलं नव्हतं. फाटकाशी थांबून विचारपूस करणारे पुष्कळ होते. पण बुटक्या मेजाखाली निखारे ठेवून, वर रजई टाकून, त्यात पाय खुपसून चहाचे चार प्याले रिचवावेत असं माणूस एक नाही. संध्याकाळी एशनियाजला स्वतःच्या जेवण्याचा आवाज ऐकू यायचा. पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा तो दचकला होता.

म्हणून या वर्षी त्याने मनाशी ठरवलं, की आपल्याकडे चिठ्ठी येणार. पहिल्यांदाच तो पहिल्या बर्फाला घरी असणार होता. चिठ्ठी आली की जेवण, जेवण म्हटलं की माणसं. त्याने खालच्या बाजारातून तांदूळ आणला, पिवळी गाजरं आणली, मेंढीच्या शेपटीची चरबी आणली. झेबिनिसोची मोठी कढई राखेने घासून चकचकीत केली. आणि जन्मभर ज्याच्या नावाने बोटं मोडली त्या बर्फाची, उत्तरेकडच्या ढगांकडे बघत, वाट बघू लागला.

बर्फ पडला तो पहाटे. एशनियाज उठला, सवयीने बूट चढवायला लागला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज कुठेच जायचं नाही. मातीच्या धाब्यावरचा बर्फ त्याने लाकडी फावड्याने खाली लोटला. मग अंगण साफ केलं, फाटक सताड उघडलं आणि फाटकापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गल्ली साफ केली, चिठ्ठी आणणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून. आत येऊन तांदूळ भिजत घातला.

पहिला आला तो शेजारचा तुर्दीकुल, त्याला बोबो, म्हणजे आजोबा, म्हणणारा. त्याचा एक हात पाठीमागे होता. एशनियाजने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"एशनियाज-बोबो, फावडं द्याल का? आमचं मोडलं," तुर्दीकुल म्हणाला आणि पाठीमागचा हात पुढे केला. त्यात मोडक्या फावड्याचा दांडा होता.

तासाभराने फावडं परत आलं. तुर्दीकुल वळताच एशनियाजने ते उलटंपालटं करून पाहिलं, दांड्याच्या खोबणीतसुद्धा बोट घातलं. काही नव्हतं.

मग तुर्दीकुलची बायको कापडाने झाकून शोरब्याचा वाडगा घेऊन आली. आता नक्कीच, असं त्याला वाटलं. चिठ्ठी खाण्याच्या वस्तूत लपवायची ही जुनीच रीत. "आत ये, चहा घे," तो म्हणाला.

"नको बोबो. तुम्ही कुठे चहा करत बसता," ती म्हणाली. "एकटी माणसं तुम्ही. जमेल तेव्हा आणून देत जाईन मी."

ती गेली. त्याने कापड झटकलं, वाडगा उचलून खाली पाहिलं, नान फाडून पाहिली. नान म्हणजे नुसती नान होती. गल्लीतून पोरांचे, बायकांचे ओरडे येत होते. कुणीतरी सापडलं होतं, कुणीतरी पळालं होतं. पलीकडच्या घरातून काळ्या तोंडाचा एक जवान माणूस हसत बाहेर पडला आणि एशनियाजला बघताच अदबीने छातीवर हात ठेवून, मान झुकवून निघून गेला. एशनियाजने साफ केलेल्या गल्लीतून सगळं गाव ये-जा करत होतं. त्याच्या फाटकापाशी आल्यावर मात्र जो तो आवाज खाली आणायचा.

दुपार झाली. तांदूळ पाणी पिऊन फुगला. आणि एशनियाजच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिठ्ठी येत नसेल तर चिठ्ठी नेता येते. नेऊन सापडलं की झालं! सापडलेल्याच्या घरीच तर जेवण. आपण म्हातारे, त्यात एका पायाला दोन बोटं कमी. सापडण्यात आपल्यापेक्षा लायक माणूस या गावात आहे कोण?

त्याने कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बर्फ आमचा, जेवण तुमचं,' आणि खाली ठसठशीत सही केली. चिठ्ठी अक्रोडांबरोबर फडक्यात बांधली; तीही अशी, की तिचं टोक बाहेर दिसत राहावं. अंगावर रुईचा जाड अंगरखा चढवला आणि तो मामारजबकडे निघाला.

मामारजब त्याचा शाळेतला सोबती. डोंगरावर त्याचे गव्हाचे चार तुकडे होते आणि बर्फावर त्याचं प्रेम असं, की पहिल्या बर्फाला तो गुडघे दुखत असतानाही अंगणात दोन गिरक्या घ्यायचा. घरात त्याची बायको हामरो होती, सून मुहय्यो होती, लेकी-जावई, नातवंडं. चालायला जागा नाही असं भरलेलं घर.

"अरे वा! बर्फाचा दुश्मन आला!" मामारजब ओसरीवरूनच ओरडला. "ये, ये. बघितलास का कसा पडतोय? लोण्यासारखा! गव्हाच्या तोंडात साखर पडली."

"तुझ्या गव्हाच्या तोंडात साखर आणि वर घाटात कुणाच्या तरी तोंडात शेण," एशनियाज म्हणाला. सवयच ती. मग फडकं पुढे करून म्हणाला, "अक्रोड आणलेत. पोरांना होतील."

फडकं मुहय्योच्या हातात गेलं. त्याला आत नेऊन बसवलं, पायांवर रजई ओढली, चहा आला. एशनियाज एका डोळ्याने सुनेकडे बघत होता. तिने कोपऱ्यात गाठ सोडली. चिठ्ठी वाचली. तिचे डोळे चमकले, ती ओरडणारच होती, तेवढ्यात तिने सासूकडे पाहिलं. हामरोने चिठ्ठी पाहिली, एशनियाजकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मुहय्योने चिठ्ठी घडी करून बाहीत सारली आणि अक्रोड फोडायला बसली.

एशनियाजला काही समजेना. चहा पिऊन झाला. दुसरा प्याला झाला. शेवटी तो उठला. "बरं, निघतो मी," तो मोठ्याने म्हणाला. "निघतोय हं!"

"सांभाळून जा, घसरशील," मामारजब म्हणाला.

अंगण काही फार मोठं नव्हतं, पण एशनियाजने ते एखादा घाट चढावा तसं पार केलं. मध्ये थांबून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. खोकला काढला. टोपी खाली पाडली, झटकली, घातली. फाटकापाशी पोचून तो उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिला, एक पाय आत, दुसराही आतच. मागे पायांचा आवाज येईना. उलट घरातून बोलणं ऐकू आलं. दार उघडंच राहिलं होतं. कुजबुजसुद्धा फाटकापर्यंत पोचत होती.

"सोड. जाऊ दे त्याला," मामारजबचा आवाज. "एकटा माणूस तो. कुठून घालणार जेवायला?"

"पण बाबा, ते गेले नाहीत अजून. फाटकातच उभे आहेत," सुनेचा आवाज.

"मग तू बघू नकोस ना तिकडे!"

एशनियाजने फाटकाबाहेर पाऊल टाकलं. झालं, जिंकला. आता हे लोक त्याला मानाने बोलावतील, मऊ उशीवर बसवतील, मांसाचा चांगला तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवतील आणि अंधार व्हायच्या आत कुणीतरी त्याला घरापर्यंत पोचवून जाईल. घरी गाजरं तशीच पडून आहेत. तांदूळ उद्या आंबेल, तो कोंबड्यांना घालावा लागेल. त्याला आपल्या दयाळू गावाचा असा संताप आला, की आयुष्यात कधी बर्फाचाही आला नव्हता.

तो वळला. फाटकातून परत आत आला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहून ओरडला, "मामारजब! बाहेर ये!"

सगळं घर ओसरीवर आलं.

"चिठ्ठी दिसली ना तुम्हाला? सुनेने वाचली. मी बघितलं. मग मला पकडलं का नाही?"

"अरे, तू तर बाहेर गेलास. सुटलास. जिंकलास तू," मामारजब म्हणाला.

"कुणाला जिंकायचंय? इतका वेळ अंगणात काय मी नाचत होतो? आंधळ्यानेसुद्धा पकडलं असतं मला!" त्याचा आवाज फुटला, त्याला तो आवरता आला नाही. "पकडा की मला! काळं फासा! दीड वर्ष झालं, माझ्या घरात कुणी बसलेलं नाही. शोरबा आणून देता, फावडं नेता, फाटकातून सलाम करता. मी काय पीर आहे का, लांबून सलाम करायला?"

एक लहान पोर खुदकन हसलं, त्याला आईने चिमटा काढला.

हामरो ओसरीच्या पायरीवर खाली बसली. "या अल्ला," ती म्हणाली. "नवराबायको एका मुशीतून काढलेत."

"काय?"

"ती पण अशीच परत आली होती. तुझी झेबिनिसो. पहिल्याच वर्षी, नवी नवरी होती. तू वर घाटात. ही चिठ्ठी घेऊन आली, आणि आम्हालाही शहाणपण सुचलं, की पोरगी एकटी, नवरा घरात नाही, हिला कशाला खर्चात पाडायचं? सोडली तिला. तर ही बया फाटकातून परत आली. इथेच उभी राहिली. म्हणाली, हामरो-आपा, मला पकडा ना. रात्री वारा सुटला की त्या घरात मला बसवत नाही."

एशनियाज तिच्याकडे बघत राहिला. "तिच्याकडे चिठ्ठ्या यायच्या," तो म्हणाला. "गाव आणून द्यायचं. ती भोळी होती."

"भोळी?" हामरो म्हणाली. "गावाला बोटावर नाचवेल अशी बाई ती. चिठ्ठी तिच्याकडे कधी आली नाही, बाबा. बर्फ पडला की सकाळी सकाळी तीच निघायची. दर वर्षी. चालायची कशी माहितीये? पाळण्यातलं मूल झोपलंय आणि उठवायचं नाही, अशी. फाटकाशी येऊन थांबायची. आम्ही जाऊन हात धरेपर्यंत मागे वळून बघायची नाही."

"मला कधी बोलली नाही."

"तू खाली उतरायचास तो बर्फाच्या नावाने शंख करत. थंडी तुझी, पाय तुझे, बोटं तुझी. त्यात ती बिचारी आपलं काय घुसवणार होती?"

हामरो हे रागाने बोलली नाही, पण एशनियाजला ते सहन झालं नाही. तीस वर्षं त्याला वाटत होतं की बर्फाने फक्त त्यालाच गाठलं. खाली चूल होती, गरम अन्न होतं, माणसं होती. बायको सुखात होती, असंच तो धरून चालला होता. घाटात बुलडोझरच्या काचेआड बसून तिचा हेवासुद्धा केला होता त्याने कधी कधी. आज त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, ती हवी होती असं वाटलं. आत्ता, या अंगणात, नुसती शेजारी उभी.

"मग तिला सोडून एकदा शहाणे झालात," तो कसाबसा म्हणाला, "तर मला का सोडलंत?"

"तुझं तोंड कधी आरशात बघितलंयस?" मामारजब म्हणाला. "जन्मभर बर्फाशी भांडलास. आम्हाला वाटलं, म्हातारपणी एकदा तरी जिंकावंसं वाटत असेल बिचाऱ्याला. म्हटलं, जिंकू दे." मग तो दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरला, अंगण ओलांडून आला आणि त्याने एशनियाजचं मनगट घट्ट धरलं. "पकडला! मुहय्यो, आण गं कढई! चोर आपल्या पायाने चौकीत आलाय!"

पोरं आनंदाने किंचाळली. कढई आली. हामरोने तिच्या बुडावर बोटं घासली आणि एशनियाजच्या दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर काजळी फासली. कितीतरी महिन्यांत त्याच्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. तो डोळे मिटून उभा राहिला.

"जेवण कधी, ते बोल," मामारजब म्हणाला. "शुक्रवारी?"

"आज. तांदूळ सकाळपासून भिजतोय."

यावर कुणी थट्टा केली नाही. मुहय्यो घाईघाईने आत गेली. बहुतेक डोळे पुसायला. "गाजरं चिरायला आम्ही येतो," हामरो म्हणाली. "पण कढईपाशी तूच उभं राहायचं. सापडलेल्याने शिजवायचं, असा नियम आहे." असा काही नियम नव्हता.

एशनियाज घरी निघाला. काळं तोंड बघून लोक घराघरातून बाहेर आले. "बोबो, तुम्ही? कुणी पकडलं?" आता कुणी आवाज खाली आणला नाही. तुर्दीकुल तर गुडघ्यावर हात मारून हसला आणि सगळ्यांना घेऊन संध्याकाळी येतो म्हणाला. हसणं ऐकून एशनियाजला बरं वाटत होतं, आणि प्रत्येक फाटकाशी झेबिनिसो याच वाटेने अशीच काळी होऊन गेली असेल हे आठवून बरं वाटत नव्हतं. दोन्ही एकदमच चाललं होतं.

गावाच्या टोकाला, जिथून घाट चढायला लागतो, तिथे रस्तेखात्याची दोन खोल्यांची चाळ आहे. एशनियाजचा बुलडोझर आता बेकमुराद नावाचा तरुण चालवायचा. तो दुसऱ्या जिल्ह्यातला, गेल्या वसंतात बदलून आलेला. एशनियाजच्या घराची गल्ली या चाळीच्या अलीकडेच वळते. तो वळला असता, पण चाळीच्या दारात बेकमुरादची बायको मोहिरा उभी होती. कडेवर तान्हं मूल. ती घाटाकडे बघत होती, जिथे ढग आणि डोंगर यांतलं काहीच वेगळं दिसत नव्हतं. दारापुढच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ना येणाऱ्याचं, ना जाणाऱ्याचं.

एशनियाज गल्ली सोडून पुढे गेला. ताज्या बर्फात पाय रोवत तिच्या दारापर्यंत पोचला.

त्याचं तोंड बघून ती आधी दचकली, मग तिने ओढणीने हसू झाकलं. "हे काय, बोबो! पकडलं तुम्हाला?"

"पळता आलं नाही," तो म्हणाला. "संध्याकाळी माझ्याकडे जेवण आहे. सगळं गाव येतंय. तूही चल."

तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा घाटाकडे वळला. "नको बोबो. हे येतील. थंडीने गारठून येतील आणि घरात चूल नसली तर? मी घरीच बरी."

"बेकमुराद आज येणार नाही, पोरी."

"येणार! सकाळी सांगून गेलेत. अंधार पडायच्या आत खाली येतो म्हणाले."

"सगळेच म्हणतात."

"तुम्हाला काय माहीत?" ती जराशी चिडून म्हणाली. "तुम्ही काय वर जाऊन बघून आलात? कशावरून येणार नाहीत ते?"

एशनियाजने घाटाकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच पाहिलं.

"तीस वर्षं मी आलो नाही," तो म्हणाला.

मुलाने हात पुढे करून त्याच्या गालावरच्या काजळीला बोट लावलं आणि ते बोट तोंडात घातलं. मोहिराने ते काढून पुसलं. मग ती आत गेली, चुलीतली लाकडं मागे ओढली, मुलाला शालीत गुंडाळलं आणि दाराला कडी घातली.